बर्गर आवडतो, पण खिडकीखाली नको

गल्लीच्या तोंडाशी एका मोठ्या फास्ट फूड ब्रँडचं आउटलेट येणार अशी खबर आली आणि आमच्या सोसायटीचे सरळ दोन तट पडले. दोन्ही तटांवरून चक्कर मारून आलेल्या एका कोथरूडकर मुलीचं हे म्हणणं.

‘कमिंग सून’. लालभडक फ्लेक्सवर एवढे दोनच शब्द आणि खाली सगळ्यांना पाठ असलेला लोगो. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, जिथे गेली तीन वर्षं नुसतं बंद शटर होतं, तिथे तो लागला आणि अर्ध्या तासात त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. एरवी या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची वेळ आणि गुड मॉर्निंगची फुलं यापलीकडे काही हलत नाही. त्या दिवशी मात्र रात्रीपर्यंत मेसेजची संख्या दीडशेच्या पुढे. एकीकडे ‘फायनली!’, टाळ्या, हार्ट्स. दुसरीकडे ‘हे आम्ही होऊ देणार नाही’, तेही तीन उद्गारचिन्हांसकट.

ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या जागी दुसरा कुठलाही असता तरी मला हेच म्हणायचं होतं. आणि आपण सगळे त्याच चार-पाच ब्रँड्सचे अॅप फोनमध्ये घेऊन फिरतो, तेव्हा उगाच कुणा एकाकडे बोट कशाला?

आधी नकाशा क्लिअर करून घेऊ. कोथरूड. पौड रोडवरून आत वळलं की आमची गल्ली. मेट्रो स्टेशन चालत सात मिनिटं. वनाझ ते गरवारे कॉलेज ही मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ती नदीपलीकडे रुबी हॉलपर्यंत गेली आणि आमच्याकडच्या दुकानांच्या पाट्या बघता बघता बदलल्या. जिथे पिठाची गिरणी होती तिथे नेल स्टुडिओ, जिथे बंगला होता तिथे अकरा मजली टॉवरचा खड्डा. आमची बिल्डिंग अजून जुन्यापैकीच. तिशी ओलांडलेली, चार मजल्यांची. रस्त्याच्या बाजूला पाच दुकानं, मागे आणि वर राहणारी माणसं. लिफ्ट एक आहे, तीही तिचा मूड असेल तर.

त्या पाचातली दोन दुकानं एकत्र करून पूर्वी तिथे साड्यांचं दुकान होतं. लॉकडाउननंतर ते कसंबसं टिकलं आणि मग गेलं. आता तिथे बर्गर येणार.

तुम्ही मनात तट पाडून मोकळे झाला असाल. तरुण मंडळी बाजूने, म्हातारी मंडळी विरोधात. आमच्याकडे ते तसं झालंच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, मुलगा कॅनडात, त्या एकदम खूश. गल्लीत रात्री दिवा असावा, चार माणसांची जाग असावी, एवढीच त्यांची अपेक्षा. आणि सगळ्यात कडवा विरोध कुणाचा, तर पहिल्या मजल्यावरच्या आयटीतल्या जोडप्याचा. ती दोघं आठवड्यातून तीनदा बाहेरून मागवतात, हे अख्ख्या जिन्याला वासावरून माहिती आहे. पण त्यांना एक वर्षाचं बाळ आहे, आणि बाळाची खोली बरोब्बर त्या दुकानाच्या मागच्या अंगाला येते.

बेसन तेवढं आपलं

पहिली मीटिंग गच्चीवर झाली. विरोधकांकडून एक काका उठले आणि त्यांनी थेट संस्कृतीलाच हात घातला. परकीय अन्न, पोरांच्या सवयी, वडापावचं काय होणार, वगैरे.

काकांबद्दल आदर आहे, पण हा मुद्दा काही मला पटला नाही. एक तर वडापाव हाच मुळात आपला सगळ्यात मोठा फास्ट फूड ब्रँड. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो पहिल्यांदा मिळाला असं सांगितलं जातं, आणि तोही कुणासाठी? लोकल पकडायच्या घाईत असलेल्या कामगारांसाठी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच. पाव पोर्तुगीजांबरोबर आला, बटाटा आणि मिरची समुद्रापलीकडच्या अमेरिकेतून. हिशेब मांडायचाच तर बेसन तेवढं आपलं!

आणि पुण्याला बर्गर परका? कॅम्पात ‘बर्गर किंग’ नावाचं इराणी कुटुंबाचं हॉटेल १९९२ पासून आहे. त्याच नावाची अमेरिकन कंपनी भारतात आली २०१४ मध्ये. तिने नावासाठी २०११ मध्येच दावा लावला होता, आणि २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने तो फेटाळला. (पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं.) तेव्हा बर्गर खाणारा पुणेकर हा काही कालचा प्राणी नाही.

‘संस्कृती’वाल्या विरोधाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. बंगळुरूमध्ये १९९५ ला केएफसी उघडलं. १९९६ च्या जानेवारीत शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते फोडलं. देशभर गाजलं ते. त्याच वर्षी मॅकडोनाल्ड्स दिल्ली आणि मुंबईत आलं, गोमांस वगळलेला मेन्यू घेऊन, आणि आपण सगळे वाढदिवसाची टोपी घालून तिथेच लहानाचे मोठे झालो. काचा फोडून भूक बदलत नाही. ती ज्याची त्याची असते, आणि महिन्याच्या शेवटी तर ती ऑफर बघूनच लागते.

तेव्हा बर्गर चांगला की वाईट, ही चर्चा मी माझ्यापुरती तिथेच मिटवली. मला आवडतो. पेरीपेरी फ्राइज तर जास्तच. प्रश्न वेगळा आहे, आणि तो मेन्यूकार्डावर सापडत नाही.

दुकानाला मागचं दार असतं

साडीच्या दुकानाला एकच तोंड होतं. पुढचं. सकाळी साडेदहाला उघडायचं, रात्री साडेआठला बंद. आत काय जळायचं? उदबत्ती.

फास्ट फूडच्या आउटलेटला दोन तोंडं असतात. पुढचं आपण बघतो. काच, लाइट्स, एसी, हसरा युनिफॉर्म. मागचं दार बघायचं असेल तर कुठल्याही आउटलेटच्या मागच्या बोळात एकदा जाऊन या. मी गेले. या लेखासाठी म्हणून चार ठिकाणी, रात्री दहानंतर. सगळीकडे साधारण तेच चित्र. भिंतीवर एक्झॉस्टचा जाडजूड पंखा, शेजारी कोल्डरूमचा कॉम्प्रेसर, खाली चाकं लावलेले कचऱ्याचे डबे, जमिनीवर तेलकट ओल. आत फ्रायर दिवसभर चालू. त्याची वाफ कुठेतरी जायला हवी ना? ती बाहेर जाते. आणि ‘बाहेर’ म्हणजे कुणाचीतरी खिडकी असते.

आमच्याकडे ती खिडकी आहे तळमजल्यावर मागच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या काकूंची. नर्सिंगमधून रिटायर झालेल्या. दुकानाची मागची भिंत आणि त्यांची बेडरूम यांच्यामध्ये फक्त साइड मार्जिनची पट्टी. त्या पट्टीत त्यांनी तुळस, गवती चहा आणि एक कडीपत्त्याचं झाड लावलंय, अर्ध्या बिल्डिंगची फोडणी त्यावर होते. मीटिंगमध्ये काकू एवढंच म्हणाल्या की, त्यांनी आयुष्यभर नाइट ड्युटी केली, आता झोप हवीये.

हे दुखणं कोथरूडचं एकट्याचं नाही. १९८६ मध्ये रोममध्ये, त्या प्रसिद्ध स्पॅनिश स्टेप्सच्या चौकात, मॅकडोनाल्ड्स उघडलं. लोकांनी निदर्शनं केली, रस्त्यावर पास्ता वाटला, आणि त्या संतापातूनच कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, फॅशनच्या दुनियेतला बादशहा व्हॅलेंतिनो याचं ऑफिस तिथे लागूनच होतं, आणि त्याची तक्रार होती आवाजाची आणि तळणाच्या वासाची. म्हणजे बघा, गाऊन शिवणारा व्हॅलेंतिनो आणि कडीपत्ता लावणाऱ्या आमच्या काकू, दोघांचं दुखणं एकच. एक्झॉस्ट!

कायद्याच्या पुस्तकात काकूंच्या झोपेला आकडा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. ४५ म्हणजे साधारण हळू आवाजातलं बोलणं. चांगला कॉम्प्रेसर, रबरी पॅडवर बसवलेला, आवरणात ठेवलेला असेल तर जमून जातं. स्वस्तात लोखंडी अँगलवर लटकवला तर अख्खी भिंत गुणगुणते. फरक काही हजार रुपयांचा आणि बसवणाऱ्याच्या नियतीचा.

तेलाचंही तसंच. तळून तळून काळं झालेलं तेल किती वेळा वापरायचं याला नियम आहे. त्यातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांवर गेली की ते फेकायचं, हे जुलै २०१८ पासून लागू आहे. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची ‘रुको’ नावाची योजनाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी आणली. मोठ्या चेन्स या बाबतीत बऱ्यापैकी शिस्तीत असतात. कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीला हा प्रश्न विचारून बघा, मग कळेल. पण भांडी धुतलेल्या पाण्याबरोबर जे तेल ड्रेनेजमध्ये जातं त्याचं काय? त्याला वाटेत अडवणारा ग्रीस ट्रॅप लागतो, आणि तो नियमित साफ करावा लागतो. आमची ड्रेनेज लाइन तीस वर्षांपूर्वी बारा कुटुंबांच्या पोळी-भाजीसाठी टाकलेली. फ्रायरचं तूप-तेल तिला पेलणार नाही. पहिल्या पावसाळ्यात चोकअप, आणि पाणी वर येणार तेही काकूंच्याच बाथरूममध्ये, कारण सगळ्यात खाली त्याच.

रायडरने बसायचं कुठे?

विरोधी तटाचा दुसरा मोठा मुद्दा पार्किंग. पुण्यात पार्किंगवरून माणसं पिढ्यान्पिढ्या बोलत नाहीत. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही आमच्याकडची लोककला आहे. तेव्हा तो मुद्दा येणारच होता.

पण गंमत अशी की, सगळे जण गिऱ्हाइकांच्या गाड्या मोजत होते. गिऱ्हाईक आता येतं कुठे? झोमॅटो ‘फूडीबे’ या नावाने २००८ मध्ये सुरू झालं, स्विगी २०१४ मध्ये, आणि या काही वर्षांत रेस्तराँ या शब्दाचा अर्थच बदलला. आत वीस खुर्च्या असतीलही, पण काउंटरच्या कडेला वाट बघत उभे असतात ते रायडर्स. म्हणजे आपल्या गल्लीत हॉटेल येत नाहीये. येतंय एक मोठं स्वयंपाकघर आणि त्याच्या दारातला टू-व्हीलरचा स्टँड.

इथे लगेच कुणीतरी म्हणणारच, ‘ती मुलं मोठमोठ्याने बोलतात, हॉर्न वाजवतात, गल्लीत धिंगाणा’. ग्रुपवर आलाच तो मेसेज. मला तो वाचून राग आला, खरं सांगते. त्या मुलाला गेटवर नाव-फोन लिहायला लावणारे आपण. लिफ्ट वापरू न देणारी सोसायटी आपली. आणि पाच मिनिटं उशीर झाला की मॅपवर त्याचा ठिपका बघत चडफडणारेही आपणच. त्याला पार्सल तयार होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. तेव्हा तो बसणार कुठे? पाणी कुठे पिणार? टॉयलेटला कुठे जाणार? ज्या आउटलेटसमोर याची सोय नसते तिथे तो मग कुणाच्यातरी कंपाउंडच्या भिंतीलाच टेकतो. तो त्रास देतोय असं आपल्याला दिसतं. जागा न देणारा ब्रँड दिसत नाही, कारण तो काचेच्या आत असतो.

म्हणून माझ्या यादीत ही मागणी वर होती. रायडर्सना दुकानाच्या पुढच्या मोकळ्या जागेत उभं राहायची खूण केलेली जागा, एक बाक, प्यायचं पाणी आणि आतलं टॉयलेट वापरायची मुभा. ही समाजसेवा म्हणून मागितलेली नाही. माझ्या खिडकीखाली रात्री साडेबाराला बाइक रेझ होऊ नये म्हणून मागितली आहे. दोन्ही कारणं एकाच बाकावर बसतात.

चौथ्या मजल्यावरच्या काकांचं भाडं

आता दुसरा तट. त्या दुकानाचे मालक आमच्याच बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर राहतात. प्रायव्हेट कंपनीत नोकरी केलेली, पेन्शन नावापुरती. दुकान हीच त्यांची पेन्शन. तीन वर्षं शटर बंद, तरी मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स चालूच. मधे एक मोबाइलवाला आला आणि चार महिन्यांत गेला. आता एवढी मोठी कंपनी, नऊ वर्षांचा करार, डिपॉझिट, दर महिन्याला ठरल्या तारखेला भाडं. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन रखडलंय. या माणसाला आपण गच्चीवर उभं करून सांगणार की, आम्हाला वास आवडत नाही म्हणून तुम्ही सोडून द्या?

ते मीटिंगमध्ये काहीच बोलले नाहीत. नुसते पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणंही मला तुमच्यापर्यंत पोहोचवायचंय, कारण ते माझंही आहे. डेडलाइन असली की मी रात्री अकराला मेट्रो स्टेशनवरून चालत येते. साडेआठनंतर आमची गल्ली म्हणजे दोन पिवळे दिवे आणि एक झोपलेला कुत्रा. त्या सात मिनिटांत मी फोन कानाला लावून खोटं खोटं बोलत असते. तुमच्यातल्या किती जणी हेच करतात, मला माहितीये. गल्लीच्या तोंडाशी उजेड असलेलं, माणसं असलेलं, सीसीटीव्ही असलेलं एक दुकान उघडं असणं याची किंमत मला कळते. ती भाड्यात धरलेली नसते.

उघडं ठेवायलाही कायद्याची आडकाठी नाही. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आल्यापासून रात्रभर धंदा करता येतो आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ते पुन्हा एकदा स्पष्ट केलं. दारूची दुकानं आणि बार त्यातून वगळलेत. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची सोय लागते, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे रात्री काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला घरी सोडायची गाडी हवी. हाही प्रश्न आमच्या यादीत गेला. ती मुलगी आमच्या सोसायटीतली नसेल, तरीसुद्धा.

नुसतं ‘नको’ म्हणून काय होतं?

पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याला सह्यांची मोहीम हवी होती. मी त्यांना टेकोमाची गोष्ट सांगितली.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगच्या डोंगररांगांत टेकोमा नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे मॅकडोनाल्ड्स यायचं ठरलं. लोकांनी अकराशेवर हरकती नोंदवल्या, स्थानिक कौन्सिलने २०११ मध्ये एकमताने परवानगी नाकारली. झालं, जिंकलो! पण कंपनी वरच्या लवादाकडे गेली आणि २०१२ मध्ये निकाल फिरला. गावकरी मागे हटले नाहीत. छपरावर चढून बसले, हजारो सह्या घेऊन पार शिकागोपर्यंत जाऊन आले. २०१४ मध्ये आउटलेट उघडलं. लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये तर रहिवाशांनी बारा वर्षं झुंज दिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मॅकडोनाल्ड्स अखेर उघडलं, तेही परिसराला शोभेल अशी साधीसुधी दर्शनी बाजू घेऊन. २०१३ मध्ये ते बंदही झालं, पण ते काही रहिवाशांच्या मोर्चामुळे नाही.

यातून मला जे दिसतं ते असं. जागा व्यापारी वापराची असेल, कागद नीट असतील, तर ‘आम्हाला आवडत नाही’ याला कायद्यात फारसं वजन नाही. आमची जागा मंजूर नकाशातच ‘दुकान’ आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रहिवासी भागात कुठला धंदा चालेल हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि आमच्यासमोरचा रस्ता काही बोळ नाही. अन्नसुरक्षेचा परवाना, महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमनचा दाखला, हे सगळं कंपनीची माणसं झोपेतसुद्धा मिळवतील. त्यांचं ते रोजचं काम आहे. सह्या गोळा करून आम्हाला मिळालं असतं काय, तर पेपरात चार ओळी आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांशी आयुष्यभराची कट्टी.

चावी भिंतीत आहे

मग आमच्या हातात काही आहे की नाही? आहे. ते शोधून काढलं आमच्या सेक्रेटरींनी. एरवी लिफ्टच्या बिलावरून शिव्या खाणारा माणूस, पण त्या दिवशी हिरो!

दुकान काकांचं आहे. दुकानाच्या बाहेरची भिंत काकांची नाही. ती सोसायटीची, म्हणजे सगळ्यांची. साइड मार्जिन सगळ्यांचं. गच्चीही सगळ्यांची. आणि फ्रायरची वाफ नीट बाहेर काढायची तर मागच्या भिंतीवरून पार गच्चीच्या वरपर्यंत डक्ट न्यावा लागतो. तो आमच्या भिंतीवरून जाणार. कॉम्प्रेसर आमच्या भिंतीला लागणार. ग्रीस ट्रॅप आमच्या जमिनीत बसणार. यातल्या एकेका गोष्टीला सोसायटीची लेखी संमती लागते. कंपनीलाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या माणसाने पहिल्याच दिवशी पेढ्यांच्या बॉक्ससोबत एक पानी एनओसीचा छापील मसुदा आणला होता. त्यात अटींच्या जागी अक्षरशः एक ओळ. ‘सोसायटीची कोणतीही हरकत नाही.’

आम्ही पेढे ठेवून घेतले. कागद परत पाठवला.

आता आमचा कागद चार पानी झालाय. डक्ट गच्चीच्या कठड्याच्या वरपर्यंत, तोंड रस्त्याच्या बाजूला, फिल्टर कधी बदलला याची नोंदवही. कॉम्प्रेसर पुढच्या बाजूला, मागच्या भिंतीला एक खिळाही नाही. माल उतरवायची गाडी सकाळी सातच्या आधी नाही. ग्रीस ट्रॅप कंपनीच्या खर्चाने, आणि तळमजल्यावरची ड्रेनेज लाइन बदलायची तीही त्यांनीच. मार्जिनमध्ये क्रेट, सिलिंडर, खुर्ची, काहीही ठेवायचं नाही, कारण आगीचा बंब तिथूनच आत येणार. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, त्याची प्रत सोसायटीला. रायडर्सचा बाक. आणि हे मोडलं तर डक्टची संमती रद्द. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते घालायला सेक्रेटरींनी वकील लावला. त्या वकिलाची फी कुणी द्यायची यावर वेगळी मीटिंग झाली, पण तो विषय नको.

एक गोष्ट मला अजून खटकते. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन फ्लॅट भाड्याने आहेत. त्यातल्या एकात चार मुली राहतात, हिंजवडीला जातात, शिफ्टमध्ये. बर्गर सगळ्यात जास्त त्याच खाणार, रात्री उशिरा त्या उजेडातून त्याच येणार आणि सकाळी सातला झोपताना मालाच्या गाडीचा आवाजही त्याच ऐकणार. पण सभेत मत सभासदांना. भाडेकरूंना नाही. सातच्या ऐवजी आठ करा, असं त्यांच्यातल्या एकीने मला जिन्यात सांगितलं. मी सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘त्यांच्या मालकाला ई-मेल करायला सांगा.’ मालक दुबईत.

कंपनीचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. डक्ट, ट्रॅप, ड्रेनेज मान्य. अग्निशमनचा दाखला मान्य. कॉम्प्रेसर पुढे घ्यायला ते तयार नाहीत, कारण दर्शनी भाग खराब दिसतो. त्याऐवजी मागेच आवाजबंद पेटी करून देतो म्हणतात. रात्री अकराला शटर ही आमची अट, तर त्यांना वीकेंडला एक वाजेपर्यंत हवंय. रायडर्सच्या बाकाबद्दल पत्रात एक अवाक्षर नाही.

काकूंनी यावर साधा उपाय सुचवलाय. पेटी आधी बसवा, मशीन एक रात्र चालू ठेवा, मी माझ्या पलंगावर झोपून बघते, मग सही करू. कंपनीच्या माणसाला वाटलं त्या गंमत करताहेत. त्या गंमत करत नव्हत्या.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी त्यांना परवा स्वतःच्या हाताने लिहून दिलं की, चाचणीच्या रात्रीचं विजेचं बिल मी भरीन. येत्या रविवारी सकाळी साडेदहाला सर्वसाधारण सभा आहे, गच्चीवर. कोरम भरला नाही तर अर्ध्या तासाने तीच सभा, त्याच जागी.